पोटात गेले, त्वचेवर उठले

वाचकांचे प्रश्न आणि त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

या सदरात इसबाविषयी लिहिले, तेव्हा साबण, धातू, सुगंधी द्रव्ये अशा बाहेरून त्वचेला लागणाऱ्या पदार्थांचाच विचार केला होता. त्यानंतर आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच शंका होती: पदार्थ त्वचेला लागलाच नाही, तो गिळला, श्वासातून आत गेला किंवा इंजेक्शनने दिला गेला, तरी त्याची ॲलर्जी त्वचेवर उमटू शकते का? उमटू शकते. मात्र ती ओळखण्याची रीत निराळी आहे. ती ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे खरे कारण हातून निसटते आणि भलतेच पथ्य मागे लागते, म्हणून या अंकातील सहाही प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : माझे वय ४२ आहे. विशीत असताना नकली दागिने घातले की कानाच्या पाळ्या चिघळायच्या, म्हणून ते मी कायमचे बंद केले. गेली दोन वर्षे मात्र बोटांच्या कडांना आणि तळहातांना अधूनमधून पाण्याचे बारीक फोड येतात, झोप लागू नये इतकी खाज सुटते आणि पुढे साल निघते. निकेल अन्नातूनही पोटात जाते, असे वाचले. हे त्यामुळे होत असेल का? मी काय खाणे सोडावे?

उत्तर : तुमचा अंदाज खरा असण्याची शक्यता आहे, पण तो अजून सिद्ध झालेला नाही आणि तो सिद्ध होईपर्यंत ताटातले काहीही कमी करू नका, हे मी आधीच सांगतो.

निकेलची ॲलर्जी जवळजवळ नेहमी त्वचेवरच सुरू होते. घामामुळे दागिन्यातील निकेल थोडे थोडे विरघळते, त्वचेत उतरते आणि तिथल्या प्रथिनांना चिकटते. त्वचेतील पहारेकरी पेशी हे मिश्रण लसीका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथे टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्याला परके म्हणून ओळखायला शिकतात. एकदा शिकलेल्या या पेशी ती ओळख सहसा विसरत नाहीत. त्यांतील काही रक्तातून फिरत राहतात, तर काही पूर्वी जिथे इसब झाला होता त्या त्वचेतच वर्षानुवर्षे मुक्काम करून असतात. अशा व्यक्तीच्या पोटात पुरेसे निकेल गेले आणि आतड्यातून रक्तात शोषले गेले, की ते त्या पेशींपर्यंत आतल्या बाजूने पोहोचते. अशा वेळी तळहातांना फोड येतात, कोपराच्या किंवा गुडघ्यामागच्या लवणीत लाली येते, नाहीतर ज्या कानाच्या पाळीला पंधरा वर्षांत काही टोचलेले नाही ती अचानक खाजू लागते. हे शेवटचे लक्षण रुग्णाला क्षुल्लक वाटते, म्हणून तो ते सांगत नाही. मी मात्र ते मुद्दाम विचारतो, कारण जुनी जागा पुन्हा जागी होणे हा या आजाराचा फार बोलका पुरावा आहे.

आता प्रमाणाचा मुद्दा. १९७५ साली निकेलची ॲलर्जी आणि हातांचा इसब असलेल्या १२ स्त्रियांना ५.६ मिलिग्रॅम निकेल तोंडावाटे देण्यात आले, तेव्हा ९ जणींचा इसब बळावला. या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो, पण ही मात्रा रोजच्या जेवणातून जाणाऱ्या निकेलच्या दहापटीहून अधिक होती, हे सांगायचे राहून जाते. २००६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार ०.२२ ते ०.३५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण आहारातून जाते तेवढे निकेल, ॲलर्जी असलेल्या शंभरांतील सुमारे एकालाच त्रास देते. म्हणजे निकेलची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना अन्नातील निकेल काही करत नाही. ज्यांना करते, त्यांच्या बाबतीत सहसा आणखी काहीतरी जोडीला असते. शरीरात लोह कमी असेल तर आतडे निकेल अधिक शोषते, कारण दोन्ही धातू आत जाण्याची एक वाट सामाईक आहे. उपाशीपोटी पाण्यातून गेलेले निकेल अन्नासोबत गेलेल्या निकेलपेक्षा कितीतरी जास्त शोषले जाते. त्यामुळे पथ्याची यादी हातात घेण्याआधी हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासून घ्या, हा माझा आग्रह आहे. लोहाची कमतरता भरून काढणे हा उपचार साधा आहे आणि तो तसाही करायलाच हवा असतो.

तुमच्या हातांविषयी आणखी दोन गोष्टी तपासायला हव्यात. बोटांच्या कडेला त्वचेखाली साबुदाणे रुतल्यासारखे दिसणारे हे फोड निकेलनेच येतात असे नाही. सतत पाण्यात हात असणे, घाम, मानसिक ताण आणि रबरी हातमोज्यांतील रसायने यांनीही ते येतात. दुसरी गोष्ट म्हणजे पाय. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशीचा संसर्ग असेल, तर त्याला प्रतिसाद म्हणून हातांवर असेच फोड उठतात आणि त्या फोडांत बुरशीचा मागमूसही नसतो. पाय बरे केले की हात आपोआप बरे होतात. हाताची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला मोजे काढायला सांगितले की त्याला नवल वाटते, पण तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी.

हे सारे पाहिल्यानंतर, पॅच टेस्टमध्ये (संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून केलेल्या चाचणीत) निकेल ठळकपणे पॉझिटिव्ह आले आणि हाताला लागणाऱ्या गोष्टी टाळूनही फोड थांबले नाहीत, तर सहा ते आठ आठवडे कमी निकेलचा आहार करून पाहता येतो. कोको आणि चॉकलेट, काजू-बदामासारखा सुकामेवा, ओट्स, सोयाबीन, तीळ, सूर्यफुलाच्या बिया, कडधान्ये आणि डबाबंद पदार्थ यांत निकेल जास्त असते. वनस्पतीतील निकेल जमिनीवर अवलंबून असल्यामुळे कोणताही तक्ता अचूक नसतो. स्टीलच्या नव्या भांड्यात आंबट पदार्थ बराच वेळ शिजवला तर थोडे निकेल त्यात उतरते आणि भांडे वापरात जुने झाले की ते प्रमाण घटते. नळात रात्रभर साचलेले पहिले पाणी सोडून द्यावे, हा सल्लाही याच कारणाने दिला जातो. या आठवड्यांत रोजची नोंद ठेवा. फरक पडला नाही, तर पथ्य त्याच दिवशी संपवा. फरक पडला, तर पदार्थ एकेक करून परत सुरू करा. शाकाहारी व्यक्तीची प्रथिने बहुतांशी याच पदार्थांतून येतात, हे डोळ्यांआड करून आखलेले पथ्य त्वचेपेक्षा शरीराचे अधिक नुकसान करते.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला लहानपणापासून कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब आहे. एका ठिकाणी रक्ताची ॲलर्जी तपासणी केली, तिच्यात दूध, अंडे, गहू, शेंगदाणे यांसह बरेच पदार्थ पॉझिटिव्ह आले. आम्ही ते सर्व बंद केले. चार महिने झाले, इसब तसाच आहे आणि मुलाचे वजन घटले आहे. आणखी कोणती तपासणी करावी?

उत्तर : आणखी तपासणी करण्याआधी मुलाला पुरेसे जेवण मिळायला हवे. यापूर्वी तो जे पदार्थ कोणताही तात्काळ त्रास न होता खात होता, त्यांविषयी बालरोगतज्ज्ञांशी याच आठवड्यात बोला. मुलाचे वजन घटणे ही या पत्रातील सर्वात गंभीर बाब आहे.

बाजारात दोन प्रकारच्या तपासण्या मिळतात आणि त्यांत गल्लत होते. एक आयजीई नावाच्या प्रतिपिंडांची. हे प्रतिपिंड ताबडतोब होणाऱ्या ॲलर्जीशी संबंधित असतात, म्हणजे पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी होणे, धाप लागणे. रक्तात आयजीई सापडले, तर शरीराने तो पदार्थ हेरून ठेवला आहे एवढेच कळते. तो खाल्ल्यावर त्रास होईलच, असे त्यातून सिद्ध होत नाही. इसब असलेल्या मुलांत तर अशी निरर्थक पॉझिटिव्ह उत्तरे हमखास येतात. म्हणूनच आधी मुलाचा इतिहास ऐकायचा आणि त्यातून संशय आलेल्या एखाद-दुसऱ्या पदार्थाचीच तपासणी करायची, हा नियम आहे. पन्नास पदार्थांचे जाळे टाकले, तर त्यात काही ना काही अडकतेच. दुसरी तपासणी आयजीजी प्रतिपिंडांची. ती फक्त तुम्ही तो पदार्थ खाता, एवढेच सांगते आणि ॲलर्जीच्या निदानासाठी तिचा उपयोग नाही. तुमच्याकडील अहवाल यांपैकी कोणता, ते त्यावर छापलेले असेल.

या अंकाचा विषय असलेली, टी पेशींमुळे उशिरा उमटणारी ॲलर्जी या दोन्हींपैकी कोणत्याही तपासणीत दिसत नाही, हेही इथे सांगायला हवे.

लहान मुलांच्या तीव्र इसबात अन्नाचा वाटा काही वेळा खरोखर असतो. तरीही अन्न हे मूळ कारण क्वचितच असते. कोरडी, गळकी झालेली त्वचा ही मूळ अडचण असते आणि मलमांचा उपचार पुरेसा आणि नियमित झाला, की अन्नाविषयीचे बरेचसे प्रश्न आपोआप मावळतात. विनाकारण पदार्थ तोडण्यात आणखी एक धोका आहे, ज्याची कल्पना पालकांना सहसा कोणी देत नाही. आयजीई असलेले मूल जो पदार्थ नियमित खाऊन पचवत होते, तो दीर्घकाळ बंद ठेवला तर शरीराची सवय मोडू शकते आणि पुन्हा खाल्ल्यावर यावेळी खरीच, तात्काळ आणि तीव्र ॲलर्जी होऊ शकते. म्हणून चार महिने बंद असलेले दूध, अंडे, गहू आणि शेंगदाणे घरीच एकाएकी सुरू करू नका. कोणता पदार्थ घरी आणि कोणता डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचा, हे त्यांना ठरवू द्या. तुमच्या हातून हे काळजीपोटीच घडले आहे. चूक तुम्हाला नुसती यादी देऊन परत पाठवणाऱ्या पद्धतीची आहे.

प्रश्न : पायाच्या जखमेला मी पूर्वी एक अँटिबायोटिक मलम लावत असे, त्याने भोवतीची त्वचा लाल होऊन पाझरू लागली होती. ते बंद केल्यावर बरे वाटले. अलीकडे दुसऱ्याच आजारासाठी मला जेंटामायसिनची इंजेक्शने दिली गेली आणि दोन दिवसांत पायावरची तीच जुनी जागा पेटली, शिवाय काखा, जांघा आणि नितंबांवर लाली आली. मलम आणि इंजेक्शन वेगवेगळे असताना असे कसे झाले?

उत्तर : मलमाची जुनी ट्यूब किंवा चिठ्ठी सापडली तर त्यावरचे घटक वाचा. त्यात निओमायसिन असेल, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळालेच. निओमायसिन आणि जेंटामायसिन हे एकाच घराण्यातील रेणू आहेत आणि एकाला ओळखायला शिकलेल्या टी पेशी बऱ्याचदा दुसऱ्यालाही ओळखतात. पायाच्या त्वचेने मलमातून जे शिकून घेतले होते, ते इंजेक्शनने जागे झाले.

काखा, जांघा आणि नितंब यांवर दोन्ही बाजूंना सारखी उमटणारी लाली फार वैशिष्ट्यपूर्ण असते. १९८४ साली डेन्मार्कमधील त्वचारोगतज्ज्ञांनी तिचे वर्णन केले आणि नितंबांच्या लालीमुळे तिला बबून सिंड्रोम असे नाव दिले. त्यांच्या रुग्णांत निकेल, पारा आणि ॲम्पिसिलिन ही कारणे होती. पाऱ्याचे उदाहरण तर सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे: घरात पाऱ्याचा थर्मामीटर फुटतो, त्याची वाफ श्वासातून जाते आणि ज्याच्या त्वचेला पारायुक्त औषधाची ओळख कधीकाळी झाली होती, त्याच्या जांघांत एक-दोन दिवसांत लाली येते. थर्मामीटर फुटल्याचे डॉक्टरांना सांगावे, असे कोणाच्या मनातही येत नाही. पुढे असे दिसून आले, की त्वचेशी पूर्वी संबंध न येताही केवळ पोटात घेतलेल्या औषधाने, विशेषतः अमॉक्सिसिलिनसारख्या अँटिबायोटिकने, अशीच लाली येते. त्या प्रकाराला २००४ पासून स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र निकष आहेत. तुमच्याबाबतीत जुनी जागा पेटल्यामुळे पहिला प्रकार अधिक संभवतो.

अशा जोड्या आणखीही आहेत. इथिलीनडायअमाइन असलेल्या मलमाची ॲलर्जी झालेल्या व्यक्तीला दम्यावरचे अमिनोफायलिन दिले तर अंगभर इसब उठू शकतो, कारण अमिनोफायलिनमध्ये तोच पदार्थ असतो. याच व्यक्तींपैकी काहींना हायड्रॉक्सिझिन किंवा सेटिरिझिनसारख्या, खाजेवरच्याच गोळ्यांनी त्रास वाढतो. त्यामुळे ॲलर्जीची गोळी घेऊन पुरळ वाढले असे रुग्ण सांगतो, तेव्हा त्याचे म्हणणे उडवून लावू नये, असे मला मनापासून वाटते. स्टिरॉइड मलमाची ॲलर्जी असलेल्याला दम्याच्या फवाऱ्यातील ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडने चेहऱ्यावर किंवा अंगावर पुरळ येऊ शकते, तेही याच मालिकेतले.

जेंटामायसिन आणि त्या गटातील औषधे डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीखेरीज पुन्हा घेऊ नका. पुरळ पूर्ण बसल्यावर काही आठवड्यांनी पॅच टेस्ट करून घ्या आणि निष्कर्ष एका कार्डावर लिहून ते कायम जवळ ठेवा. औषधाचे मूळ नाव लिहा, कारण विक्रीची नावे बदलतात.

औषधामुळे उठणारे प्रत्येक पुरळ असे सौम्य नसते. ताप आला, त्वचा खाजण्याऐवजी दुखू लागली, तोंडात, डोळ्यांत किंवा जननेंद्रियांवर फोड किंवा व्रण झाले, त्वचा सुटू लागली, किंवा औषध सुरू होऊन दोन ते आठ आठवडे झाल्यावर पुरळासोबत चेहऱ्यावर सूज आणि लसीका ग्रंथींच्या गाठी आल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी कोणतेही औषध पुन्हा घेऊन पाहणे जिवावर बेतू शकते.

प्रश्न : दोन महिन्यांपासून रोज संध्याकाळी अंगावर पित्त उठते, सकाळपर्यंत काही राहत नाही. आतापर्यंत वांगी, दही, अंडी, आंबट सारे सोडले. नेमके काय बाधते ते कसे शोधू?

उत्तर : बहुधा खाण्यातले काहीच बाधत नसावे. एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ ओढा आणि वेळ लिहून ठेवा. चोवीस तासांच्या आत तिथली त्वचा डाग न राहता पूर्ववत झाली आणि गांधी दुसरीकडे उठल्या, तर ते अर्टिकेरिया, म्हणजे अंगावर उठणारे पित्तच आहे, इसब नव्हे. सहा आठवड्यांपलीकडे जवळपास रोज चालणारा अर्टिकेरिया बहुतेकदा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडाने होतो आणि अन्नाची ॲलर्जी हे त्याचे कारण क्वचितच असते. सोडलेले पदार्थ पुन्हा सुरू करा, वेदनाशामक गोळ्यांनी गांधी वाढतात का ते पाहा आणि झोप न आणणारी अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्या. ती खाज सुटल्यावर घ्यायची नसून रोज घ्यायची असते. एखादी गांधी दोन-तीन दिवस एकाच जागी टिकली, दुखली किंवा जांभळा डाग ठेवून गेली, तर मात्र बायोप्सी करावी लागते.

प्रश्न : काजूच्या टरफलांशी संबंधित काम केल्यावर माझ्या हातांना पूर्वी फोड आले होते. आता आंबा खाल्ला की ओठांभोवती पुरळ येते. मी काजू आणि आंबा दोन्ही सोडावेत का?

उत्तर : काजू आणि आंबा एकाच कुळातील आहेत आणि स्पर्शाने त्वचेवर पुरळ आणणारी विदेशातील पॉयझन आयव्ही ही वनस्पतीही त्याच कुळातली. काजूच्या टरफलातील तेलात आणि आंब्याच्या सालीत व चिकात एकमेकांशी मिळतेजुळते तैल पदार्थ असतात. तुमच्या त्वचेने टरफलातून ते ओळखले आणि आता आंब्याच्या सालीतून ओळखते आहे. आंबा दुसऱ्या कोणी जाड साल काढून, चीक धुऊन, फोडी करून दिला आणि तो खाऊन पुरळ आले नाही, तर गर खायला हरकत नसते. टरफलाचा अंश नसलेला, नीट प्रक्रिया केलेला काजूगरही सहसा बाधत नाही. टरफल त्यात राहिले तर काय होते, याचे उदाहरण नोंदलेले आहे: १९८२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात टरफलाचे तुकडे मिसळलेले काजू विकले गेले आणि ५४ जणांना पॉयझन आयव्हीसारखे पुरळ उठले, तेही ते काजू खाल्ल्यानंतर. काजू खाऊन काही मिनिटांतच ओठ सुजणे, घसा आवळणे किंवा धाप लागणे असे झाले, तर ती वेगळी आणि धोक्याची ॲलर्जी समजा आणि तिची तपासणी होईपर्यंत काजूला हात लावू नका.

प्रश्न : मला पॅच टेस्ट सांगितली आहे. ती कशी करतात, तिच्यासाठी काय तयारी लागते, आणि ती पॉझिटिव्ह आली म्हणजे निदान झाले असे समजायचे का?

उत्तर : ही चाचणी जुनी आहे. योसेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९५ साली पाऱ्याचा लेप त्वचेवर बांधून तिची सुरुवात केली आणि तत्त्व आजही तेच आहे: ज्या पदार्थाचा संशय आहे, तो ठरावीक तीव्रतेत त्वचेवर ठेवायचा आणि टी पेशींना वेळ द्यायचा. पाठीवर छोट्या वाट्यांच्या पट्ट्या चिकटवतात आणि प्रत्येक वाटीत एकेक पदार्थ असतो. पट्ट्या ४८ तासांनी काढतात. काढल्याबरोबर पाठीवर दाबाचे वळ असतात, म्हणून अर्धा-पाऊण तास थांबून मग वाचन करतात. वाचन नुसते डोळ्यांनी होत नाही. मी पाठीवर तिरपा प्रकाश टाकतो आणि प्रत्येक जागेवरून बोटाचे टोक हलके फिरवतो. जागा नुसती लाल आहे, की बोटाला उंचवटा आणि घट्टपणा जाणवतो, त्यावर बारीक पुटकुळ्या आहेत का, लाली वाटीच्या कडेबाहेर पसरली आहे का, यावरून ॲलर्जी आणि साधी चुरचुर यांतला फरक कळतो. दुसरे वाचन ७२ ते ९६ तासांनी होते आणि ते टाळून चालतच नाही, कारण खरी ॲलर्जी तोवर वाढते आणि चुरचुर ओसरते. काही धातू, निओमायसिन आणि स्टिरॉइड यांच्यासाठी सातव्या दिवशी तिसरे वाचनही करावे लागते. पहिल्या वाचनानंतर निगेटिव्ह म्हणून घरी पाठवलेल्या रुग्णाची चाचणी अपुरी झालेली असते. यात सुई नसते. वीस मिनिटांत उत्तर देणारी प्रिक टेस्ट वेगळी, ती तात्काळ ॲलर्जीसाठी असते.

निदानाविषयी विचाराल, तर पॉझिटिव्ह पॅच टेस्ट म्हणजे निदानाचा अर्धा भाग. तिच्यातून तुमची त्वचा कशाला ओळखते ते कळते. तुमचे आजचे पुरळ त्यानेच आले का, हे मात्र वेगळे पाहावे लागते. पेरूचा बाल्सम (हे नाव पेरू देशावरून, फळावरून नव्हे) या सुगंधी राळेचे उदाहरण घ्या. ती चाचणीत पॉझिटिव्ह आली, तर पहिला संशय अत्तरे, क्रीम आणि केसांच्या प्रसाधनांवर घ्यायचा. ती सारी बंद करूनही पुरळ राहिले, तरच पोटात जाणाऱ्या गोष्टींकडे वळायचे: दालचिनी, लवंग, व्हॅनिला, संत्र्या-लिंबाची साल, टोमॅटो, चॉकलेट यांत त्या राळेतील काही घटक किंवा त्यांचे नातलग असतात. हे पदार्थ टाळल्यावर अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांना आराम पडतो, पण सर्वांना नाही. म्हणून इथेही काही आठवडे वर्ज्य करणे आणि मग पुन्हा देऊन पाहणे, या दोन्ही पायऱ्या हव्यात. दुसरी पायरी रुग्णाला नकोशी वाटते. बरे वाटते आहे, मग उगाच कशाला छेडायचे, असे त्याचे म्हणणे असते आणि ते मला समजते. पण इसब आपल्याआपणही चढतो-उतरतो. पदार्थ परत दिल्यावर पुरळ परत आले तरच दोष त्या पदार्थाचा, नाहीतर माणूस केवळ योगायोगामुळे जन्मभर पथ्य पाळत बसतो. ज्या केंद्रात सोय आहे तिथे संशयित पदार्थाची आणि नुसत्या पिठाची, दिसायला सारख्या कॅप्सूल वेगवेगळ्या दिवशी देतात. कोणती कोणती हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसते आणि पुढचे दोन-तीन दिवस त्वचेवर नजर ठेवली जाते. तीव्र स्वरूपाच्या औषधी पुरळात मात्र अशी परीक्षा करत नाहीत.

तयारी फारशी नाही, पण ती चुकली तर चाचणी वाया जाते. पुरळ भडकलेले असताना किंवा पाठीवरच ते असताना चाचणी पुढे ढकलावी. पाठीवर स्टिरॉइड मलम लावत असाल तर आठवडाभर आधी थांबवा आणि कडक ऊन टाळा. रोज दहा मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर उत्तर खोटे निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, पण ती गोळी स्वतःहून बंद करू नका. अँटिहिस्टामिन गोळ्यांचा पॅच टेस्टवर फारसा परिणाम होत नाही. गरोदरपणात ही चाचणी सहसा करत नाहीत. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजू देऊ नका आणि घाम येईल असे काम टाळा. घरातील पदार्थ स्वतःच पाठीला बांधून पाहू नका, कारण योग्य तीव्रता माहीत नसल्यास निरोगी त्वचाही भाजल्यासारखी होते. आणि पहिल्या भेटीला जाताना वापरातील सर्व मलमे, प्रसाधने, गोळ्या आणि पूरक औषधे एका पिशवीत घालून सोबत न्या. पुरळ ताजे असताना काढलेली छायाचित्रेही न्या, प्रत्येकावर तारीख आणि त्याआधीच्या तीन दिवसांत काय खाल्ले, काय घेतले, एवढे लिहून.